चिवड्याच्या टोपलीची गाठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. आणि जिला सांगायला हवं होतं, ती आता राहिलेली नाही.

तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता माझंच वय झालं आहे म्हणून.

गोष्ट एका सशाची आहे. सशाची — आणि त्यासाठी इतकी वर्षं मनात ठेवायचं? असं तुम्हाला वाटेल. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आले. ससाच तर होता. पण गोष्ट नुसती सशाची असती तर मी कधीच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

तेव्हा आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. अविनाश, म्हणजे माझा नवरा, एका मंत्रालयात होता. गौरी नऊ वर्षांची. आणि कुसुमताई. ताई अविनाशची मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. त्यांची आई गेली तेव्हा अविनाश शाळेत होता, आणि ताईंनीच त्याला वाढवलं. त्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. अविनाशला दिल्लीत नोकरी लागली, तशा त्या साताऱ्याहून त्याच्याबरोबर आल्या आणि पहाडगंजच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गावर शिकवायला लागल्या. रोज सकाळी बस धरून जायच्या. पर्समध्ये स्वतःचा एक रुमाल आणि मुलांची नाकं पुसायला चार.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात होत्या. आणि — हे लिहायला अवघड जातं आहे — त्या मला कधी एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. स्वयंपाकघर पहिल्याच दिवशी माझ्या हाती दिलं. मला तक्रार करायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

ससा त्यांनीच आणला. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली होती, आणि ससा कुणाकडे ठेवायचा हा प्रश्न होता. एका संध्याकाळी ताई पिशवीतून त्याला घेऊन आल्या. पांढऱ्या अंगावर पिवळे, तपकिरी, काळे ठिपके. गौरी म्हणाली, "आत्या, हा तर चिवडा आहे." तेच नाव पडलं.

इतका भित्रा प्राणी मी पाहिला नाही. दाराची बेल वाजली की लोखंडी कपाटामागे. स्कूटर सुरू झाली की मागचा पाय जमिनीवर दाणदाण आपटायचा आणि पुन्हा कपाटामागे. दिवाळीत चार दिवस त्याने पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. ताई कुकरची शिट्टी व्हायच्या आधी व्हरांड्यात जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता आवाज होणार आहे हं चिवड्या. भाताचा आहे." शिट्टी व्हायची. तो थरथरायचा, पण जागचा हलायचा नाही. गौरी शेजारी बसून आत्याचं बघून तसंच करायची.

गौरी सगळंच आत्याचं बघून करायची. झोपायची आत्याशेजारी. तापात आत्याला हाक मारायची. शाळेत 'माझी आई' वर निबंध लिहायचा होता, तो तिने मला विचारून नाही, आत्याला विचारून लिहिला. मी हसले होते त्यावर. शेजारणींना मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं. तुम्ही असं काही हसत हसत सांगितलं आहे का कधी, आणि आत काहीतरी आंबत चाललं आहे हे तुमचं तुम्हालाच कळत होतं?

त्याच वर्षांत सगळं बदलायला लागलं. अविनाशच्या बरोबरचे दोघेतिघे सरकारी नोकरी सोडून खाजगी कंपन्यांत गेले, मग अविनाशही गेला. नोकरी सोडली म्हणजे क्वार्टर सोडणं आलं. नदीपलीकडे नोएडात आम्ही फ्लॅट घेतला. तिसरा मजला, समोर रिकामे प्लॉट आणि सरकंड्याच्या उंच गवताचं रान, पण भिंतींना नवा रंग, स्वयंपाकघरात काळा ओटा. दोन बेडरूम, आणि नकाशावर 'स्टडी' लिहिलेली एक चिंचोळी खोली. ती ताईंची, असं अविनाशने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंच नसणार.

पण त्या घरात मला मी, तो आणि गौरी एवढेच दिसायचे. हे खरं आहे. ते मी कधी तोंडाने बोलले नाही, म्हणून ते कमी खरं होतं का?

घर बदललं तो दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला. सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं. अविनाश सामानाच्या ट्रकबरोबर पुढे गेला, गौरीही हट्टाने त्याच्याबरोबर गेली. क्वार्टरचा ताबा घ्यायला सरकारी माणूस दुपारी येणार होता, म्हणून कुणीतरी मागे थांबणं भाग होतं. ताई म्हणाल्या, मी थांबते, आणि मग चिवड्याला मांडीवर घेऊन रिक्षाने येते. मी म्हटलं, "रिक्षात किती आवाज असतो, ताई. मी नेते ना गाडीतून." आम्ही नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती, आणि मी नुकतीच चालवायला शिकले होते. त्या गाडीत एकटीने बसून स्वतःच्या नव्या घरी जायचं, याचं मला फार अप्रूप होतं.

ताईंनी त्याला वेताच्या टोपलीत ठेवलं. खाली ओला पंचा, त्यावर काकडीचे काप, वरून झाकण. झाकण सुतळीने बांधलं. त्यांनी दोन गाठी मारल्या. मी शेजारी उभी होते. मी पाहिलं. एक गाठ मारली, ओढून बघितली, आणि तिच्यावर दुसरी मारली.

"नीलिमा, गाडीत त्याला एकटं ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटंसुद्धा नको. घाबरला की त्याला श्वास लागतो."

"नाही ठेवत," मी म्हटलं.

आणि मी सरोजिनी नगरला थांबले. वाटेत होतं म्हणून नाही. जरा आडबाजूलाच होतं. तिथे एका दुकानात मी पडदे शिवायला टाकले होते. संध्याकाळी अविनाशच्या नव्या ऑफिसमधली माणसं घर बघायला येणार होती, आणि त्याआधी मला पडदे लागलेले हवे होते. गाडी एका कडुलिंबाच्या सावलीत लावली. काचा बोटभर खाली ठेवल्या. पाच मिनिटांचं तर काम.

पडद्यांची खालची पट्टी चुकली होती. दुकानदार म्हणाला, बहनजी, बैठिए, अभी करवा देता हूँ. मी बसले. पंख्याखाली. त्याने थंड पाणी दिलं. मग समोरच्या दुकानात दिव्यांच्या शेड होत्या, त्या बघायला गेले. मग उशांचे अभ्रे.

मला आठवण राहिली नाही, असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला आठवलं होतं. अभ्रे बघत होते तेव्हा अगदी स्पष्ट आठवलं — टोपली मागच्या सीटवर आहे, आणि आता लिंबाची सावली सरकली असेल. आणि मी काय केलं? मी मनात म्हटलं, इतकं काय आहे त्यात? सगळं घर त्या सशाच्या तालावर चालतं. कुकरसुद्धा त्याला विचारून लावायचा. बसेल थोडा वेळ. आणि मी आणखी दोन अभ्रे उलगडायला सांगितले.

तो ससा मला आवडत नव्हता असं नाही. त्या क्षणी मला ताईंची सूचना आवडली नव्हती. एवढंच होतं ते.

तासाभराने परत आले. गाडीचं दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी वाफ आली. सुतळी सोडायला वेळ लागला, कारण गाठी पक्क्या होत्या. चिवडा एका कुशीवर पडला होता. तोंड ओलं, पोट भराभर वरखाली होत होतं. पंचा केव्हाच वाळला होता. मी बाटलीतलं पाणी त्याच्यावर शिंपडलं. तो हललाही नाही. जनावरांचा एक डॉक्टर तिथून फार लांब नव्हता, मला माहीत होता. मी गाडी सुरू केली आणि दुसऱ्या रस्त्याला लावली. डॉक्टर विचारणार, किती वेळ गाडीत होता. मग घरात सगळेच विचारणार. मी नोएडाच्या रस्त्याला लागले, आणि पूल ओलांडेपर्यंत एक हात मागे त्याच्या अंगावर ठेवून गाडी चालवत राहिले. पुलाच्या पलीकडे कुठेतरी ते पोट वरखाली व्हायचं थांबलं.

आमच्या सेक्टरच्या अलीकडे मी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला सरकंडे होते. त्यात त्याला ठेवलं. पुरलं नाही. माती खणायला जवळ काही नव्हतं, पण हाताने उकरायचंही मनात आलं नाही. पंचाही तिथेच टाकला. मग सुटलेली सुतळी घेतली आणि टोपलीच्या कडीला नुसती अडकवून ठेवली, गाठ सैल पडून सुटावी तशी. तेव्हा माझे हात थरथरत नव्हते. तेच मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं आहे.

घरी गेले. रिकामी टोपली बघून गौरी थांबली. मी सांगितलं, पुलाजवळच्या सिग्नलला टोपलीचं झाकण उघडलं आणि तो खिडकीतून उडी मारून पळाला. मी खूप शोधलं, पण सापडला नाही.

गौरी रडली नाही लगेच. तिने सुतळी हातात घेऊन पाहिली. मग विचारलं, "गाठ कुणी बांधली होती? सच सच बता, आई."

मी म्हटलं, "आत्याने."

बघा, यात एक अक्षर खोटं नाही. गाठ आत्यानेच बांधली होती. इतकं खरं वाक्य मी त्या दिवसात दुसरं बोलले नव्हते.

ताई संध्याकाळी आल्या. दोन बस बदलून, घामाने डबडबलेल्या, क्वार्टरच्या ताब्याची पावती जपून पर्समध्ये ठेवलेली. दारातच त्यांनी विचारलं, "बिचकला का फार?" गौरी आतून आली आणि म्हणाली, "तू गाठ नीट नाही बांधलीस. तो भाग गया. तुझ्यामुळे." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

ताईंनी पर्स खाली ठेवली. स्वतःच्या हातांकडे बघितलं. "दोन मारल्या होत्या ग मी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "मारल्या होत्या ना, नीलिमा? तू होतीस की तिथे."

मी होते. त्या मला विचारत होत्या, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हटलं, "जाऊ द्या, ताई. घाईत होतं असं एखाद्या वेळी."

मी त्यांना क्षमा केली. समजलं तुम्हाला? मी मोठ्या मनाने त्यांना क्षमा केली, आणि त्यांनी ती घेतली. म्हणाल्या, "हो. घाईच झाली जरा."

पुढचे दहा-बारा दिवस ताई शाळेच्या सुट्टीतही रोज संध्याकाळी बाहेर पडत. पालकाची जुडी घेऊन पुलापर्यंत बसने जायच्या आणि रस्त्याच्या कडेने चालत, हाक मारत परत यायच्या. अविनाश दोन-तीनदा गेला त्यांच्याबरोबर. पहिल्या दिवशी मीही गेले. त्या सरकंड्यांच्या जागेवरून आम्ही तिघं चालत गेलो. ताई वाकून आत बघत होत्या, मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होते. कावळे तिथे केव्हाच येऊन गेले असणार, काही दिसलं नाही. तेव्हाही सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. ती बाई उन्हात हाका मारत फिरते आहे, आणि मी घरी पडद्यांच्या कड्या मोजून लावते आहे — मी कशाची वाट बघत होते?

गौरीने आत्याशेजारी झोपणं बंद केलं. ती माझ्याजवळ झोपायला लागली. आणि मला — हे मी सांगितलं नाही, तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही — मला आनंद झाला. रात्री तिचा हात माझ्या अंगावर यायचा आणि मी तो हलू नये म्हणून पडून राहायचे.

जुलैत शाळा सुरू झाली, आणि ताईंनी पहाडगंजला एका मराठी कुटुंबाकडे खोली घेतली. दोन बस बदलून जाणं आता झेपत नाही, म्हणाल्या. अविनाश फार वैतागला, मला म्हणाला, तू सांग ना त्यांना. मी ताईंना म्हटलं, "रविवारी मात्र यायचं हं." आणि त्या येत राहिल्या, रविवारी, पाहुण्यासारख्या. चिंचोळ्या खोलीत गौरीचं टेबल आलं.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी कदाचित विसरलेही असते. पण ताईंचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. गॅस बंद केला का, हे त्या दोनदा जाऊन बघायच्या. पत्र पाकिटात घातल्यावर पुन्हा फोडायच्या. आम्हीही हसायचो — "चिवड्यापासून ताईंचं असंच झालंय." अविनाश हसायचा, मी हसायचे. त्यांच्या शाळेतल्या एक बाई एकदा भेटल्या, त्या सहज म्हणाल्या, कुसुमताई हल्ली सहलीला येत नाहीत. पहिलीची मुलं न्यायची म्हणजे मोजावी लागतात, आणि त्या म्हणतात, माझ्या हातून एखादं सुटलं तर? इतकी वर्षं त्यांनी मुलं मोजली होती. एकही सुटलं नव्हतं.

गौरी मोठी झाली, गुडगावला नोकरीला लागली, लग्न झालं, मुलगा झाला. ताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. बाळ चार महिन्यांचं असताना त्या गौरीला म्हणाल्या, "तू कामावर जाशील तेव्हा मी येऊन बसत जाईन." गौरीने अगदी गोड बोलून नाही म्हटलं. पाळणाघर ठरवलं आहे, म्हणाली. मग माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, आत्याच्या भरवशावर नाही ठेवू शकत मी त्याला. तुला आठवतंय ना?"

बाहेर ताई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. मी भाजी ढवळत होते.

मी म्हटलं, "हो. आठवतंय."

तेव्हा सांगितलं असतं, तर काय झालं असतं? गौरी काही दिवस माझ्याशी बोलली नसती. कदाचित काही वर्षं. आणि ताई रोज त्या बाळाजवळ बसल्या असत्या. मला दोन्ही दिसत होतं. मी निवडलं.

ताई गेल्या वर्षी गेल्या. छातीचा आजार होता, शेवटचे पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. मी डबा घेऊन जायचे. त्यांच्या खाटेशेजारी अनेक दुपारी मी एकटी बसले. त्या जाग्या असायच्या, शुद्धीवर असायच्या. एकदा त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू फार केलंस माझं." मी त्यांच्या उशीची खोळ सारखी केली.

दिवस झाले, नातेवाईक परत गेले. मी आणि गौरी घर आवरत होतो. गौरी खाली बसून चादरींच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, एक सांगू? त्या शेवटच्या रविवारी मी हॉस्पिटलमध्ये एकटी होते ना, तेव्हा मी आत्याला म्हटलं, की चिवड्याचं मी केव्हाच माफ केलंय तुला. लहान होते, उगाच मनात धरलं इतकी वर्षं. ती रडायला लागली. म्हणाली, 'तुझं मन मोडलं ग मी.' मग शांत झोपली." तिने पुढची चादर उलगडली. "बरं झालं ना, बोलले ते? माझ्या मनातून गेलं, आणि तिच्याही."

ती माझ्याकडे बघत होती. चाळिशीला आलेली माझी मुलगी. डोळे भरलेले, आणि चेहरा हलका झालेला.

मी चादरीची दोन टोकं हातात धरली, म्हणजे तिला घडी घालता यावी, आणि म्हटलं, "हो. बरं केलंस."